प्रत तयार झाली

९ जानेवारी

प्रिय कानसेन,

वडीलधाऱ्याने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. लिहायला घेतलेही होते, पण हात धजला नाही. म्हणून नुसतंच 'प्रिय'.

तुझा पत्ता तुझ्या ताईच्या वहीतून उतरवून घेतला. तिला न विचारता. फोन केला असता, पण तू तो उचलला नसतास. आणि उचलला असतास तर मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला असता. कागदावर मला तसं सहज निसटता येत नाही. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी खोडरबर वापरू द्यायचे नाहीत. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, म्हणायचे. चुकलेलं खालून वाचता आलं पाहिजे.

ताई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण शिवणयंत्र सोडत नाही. बैठकीतला पंखा अजून तोच. लग्न ठरवायला तुम्ही सगळे आला होतात तेव्हा तू पाणी पिण्याआधी वर बघून म्हणाला होतास, "दाजी, बेअरिंग गेलंय याचं." तुझे वडील केवढे ओशाळले होते. पंधरा दिवसांनी तो पंखा खरोखरच बंद पडला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तू कानसेन झालास.

वाचनालयात, अंधांसाठी पुस्तकं वाचून मुद्रित करायच्या आपल्या स्टुडिओत, तुझ्या जागी एक बाई आल्या आहेत. काम चोख करतात. पण वाचणाऱ्याला दम लागलाय हे त्याच्या श्वासावरून ओळखून "थांबू या का जरा?" म्हणायचं त्यांना सुचत नाही. वाचणाराच हात वर करतो, मग काचेपलीकडून त्या बटण दाबतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आपले ते अंध आजोबा अजून दर गुरुवारी काठी टेकत येतात आणि काउंटरवर विचारतात, "ते मोठं प्रवासवर्णन आलं का हो?" आम्ही नाही म्हणतो. ते म्हणतात, "असू दे, मी कुठे जातोय? जाऊन दिसणार तरी काय!" आणि स्वतःच हसतात.

तू लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे असतोस असं कानावर आलं. ज्या माणसाला भिंतीपलीकडचा पंखा ऐकू येतो, तो दिवसभर त्या भोंग्यांखाली कसा बसतो, हा विचार मनात येतो.

लिहायला बसलो होतो वेगळंच. ते राहिलं.

तुझा,
दाजी


२१ जानेवारी

प्रिय कानसेन,

पहिलं पत्र परत आलं नाही. म्हणजे निदान घेतलंस.

राहिलेलं लिहितो. मागच्या महिन्यात, दुपारी दीडला, नवीन बाई माझ्या खोलीत धावत आल्या. "अहो, पडद्यावर लाल अक्षरं आलीत. प्रत झाली नाही म्हणतंय!" मी जाऊन पाहिलं. साठवणीच्या मशीनची तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, भरली होती. जागा केली, पुन्हा बटण दाबलं, प्रत झाली. सगळं मिळून पाच मिनिटं. बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, ओरडलं तरी."

मी खोलीत परत आलो आणि दार लावून बसून राहिलो.

तुझ्या वेळी ते ओरडत नव्हतं. का, ते तुला नीट सांगायला हवं. तू रोज ध्वनिमुद्रण संपलं की मी कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचं बटण दाबायचास. तो प्रोग्रॅम स्वतः काही करत नसे. तो मशीनला दोन हुकूम द्यायचा. पहिला: आजचं मुद्रण कार्यालयातल्या साठवणीत उतरव. दुसरा: स्टुडिओतलं मूळ पुसून टाक, कारण तिथे जागा थोडी. असा प्रत्येक हुकूम संपताना एक आकडा हातात देऊन जातो. शून्य दिला तर काम झालं. शून्याशिवाय काहीही दिलं तर नाही झालं. शाळेत आम्हाला भोपळा मिळाला की घरी मार बसायचा. इथे भोपळा मिळाला तरच पास. शिवाय हुकुमाला दोन तोंडं असतात. एका तोंडाने तो कामाचं बोलतो, दुसऱ्याने तक्रार करतो.

ते दुसरं तोंड मी बंद केलं होतं. तुला आठवत असेल, चिटणीस एकदा देणगीदारांना घेऊन स्टुडिओत आले होते आणि पडद्यावर चार ओळी धावताना पाहून म्हणाले होते, "हे काय, बिघडलंय की काय?" त्या ओळी किरकोळ होत्या, कुठल्याशा फाइलच्या तारखेबद्दलच्या. पण मला लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी हुकुमाची सगळी तक्रार अशा खड्ड्यात सोडून दिली ज्याला तळ नसतो आणि ज्यातून काही परत येत नाही. आणि तो आकडा? तो मी कधी हातात घेऊन पाहिलाच नव्हता. पहिला हुकूम संपला की दुसरा, आणि दुसरा संपला की पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'प्रत तयार झाली'. झाली असो वा नसो.

मग मी साठवणीत नवी तबकडी बसवली. माझ्याच हाताने. आणि तिच्यावर लिहायची परवानगी प्रोग्रॅमला द्यायची विसरलो. त्या दिवसापासून वाचनाच्या दर बैठकीनंतर हुकूम ओरडत होता, 'परवानगी नाही, परवानगी नाही', आणि माझा प्रोग्रॅम ते खड्ड्यात टाकून मूळ मुद्रण पुसत होता, आणि तुला हिरवी अक्षरं दाखवत होता. तू ती पाहून रजिस्टरात लिहीत होतास. साडेचार महिने. एकसष्ट बैठका. मुख्याध्यापिका बाईंनी वाचलेलं अख्खं प्रवासवर्णन.

तू खोटं लिहिलं नव्हतंस. तू जे पाहिलंस तेच लिहिलंस.

मला हे नंतर कळलं. तुला कळवायला हवं होतं.

दाजी


२ फेब्रुवारी

कानसेन,

'नंतर कळलं' असं लिहून पत्र टाकलं, आणि पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हाच समजलं की पुन्हा तेच केलं. नंतर म्हणजे किती नंतर, ते लिहिलं नाही.

साठवणीत बाईंचं एकही ध्वनिमुद्रण सापडलं नाही म्हणून बसलेली ती चौकशी दोन दिवस चालली होती. पहिल्या दिवशी वाचनालयाच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमचा प्रोग्रॅम काम न करता 'झाली' म्हणेल का?" मी म्हणालो, "नाही साहेब. म्हणाला असेल तर झालीच असणार." तेव्हा मी खरं समजूनच बोललो होतो. तू टेबलाच्या त्या टोकाला बसला होतास. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मला वाटलं, दाजी आहेत ना, बघून घेतील, असं काहीतरी तुझ्या मनात असावं.

त्याच दुपारी चार वाजता मी प्रोग्रॅम उघडला. सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तीन ओळी होत्या. मी त्या बदलल्या. आकडा तपासायला लावला, शून्य नसेल तर पुसायचं नाही, आणि तक्रार लाल अक्षरांत पडद्यावर. परवानगी दिली. करून पाहिलं. काम अगदी व्यवस्थित केलं. मग घरी आलो, जेवलो.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "एक तर याने बटण दाबलंच नाही आणि रजिस्टर घरबसल्या भरलं, किंवा मुद्दाम पुसलं. तुम्हाला काही सांगायचंय?" मी म्हणालो, "नाही."

एवढा एक शब्द.

का, याचं उत्तर मी दोन वर्षं शोधतो आहे. नोकरी जाईल ही भीती होती. पण त्याहून मोठं म्हणजे, त्या इमारतीत सगळे मला विचारून काम करत. गावच्या शाळेत पत्र्याखाली शिकलेला माणूस, आणि मोठमोठे पदवीवाले 'जरा बघता का' म्हणून माझ्या दारात उभे राहत. ते जाऊ द्यायला मी तयार नव्हतो.

आणखी एक आहे. ते कुणालाच माहीत नाही, फक्त तुला आहे. नवी तबकडी बसवल्यावर आठवड्याभरात तू माझ्या खोलीत आला होतास.

"दाजी, पूर्वी प्रत व्हायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागायची. मी तेवढ्यात जेवून यायचो. आता बटण दाबतो तोवर झाली म्हणतंय. दोन सेकंद."

"नवीन तबकडी आहे बाबा. वेगवान आहे."

"एवढी? मशीनचा आवाजपण बदलत नाही हो. काही उतरवतंय असं वाटतच नाही ऐकून."

"आता मशीनचं पण तू मला शिकवणार का?"

"तसं नाही. एकदा साठवण उघडून बघा की. किल्ली तुमच्याकडेच असते."

मी बघतो म्हणालो. तू गेलास. मी बघितलं नाही. आणि दर शनिवारी तुझ्या रजिस्टरवर सही करत राहिलो.

चौकशीत तू हे सांगितलं नाहीस. मी वाट पाहत होतो की सांगशील. दोन वर्षं मी स्वतःला समजावलं की तू विसरला असशील. तू विसरणाऱ्यांपैकी नाहीस. तू गप्प राहून ताईचं घर सांभाळलंस.

सकाळी देवापुढे बसतो. पूर्वी डोळे मिटले की नाव आपोआप ओठांवर यायचं. आता डोळे मिटले की तुझी खुर्ची दिसते. मी देवाकडे क्षमा मागत नाही. ज्याचं देणं त्यालाच, असं आई म्हणायची. देवाला मध्ये घालून स्वस्तात सुटायचं नाही.

दाजी


१६ फेब्रुवारी

कानसेन,

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ आहे, पण मी ती इतक्या वेळा वाचली की कार्डाचा कोपरा मऊ पडलाय. 'दाजी, हे मला का सांगता? मला माहीत होतं. ज्यांना सांगायचं त्यांना सांगा.'

मी सांगितलं. कालच.

अध्यक्षांच्या खोलीत चिटणीसही होते. मी तीन ओळी कागदावर काढून दाखवल्या. ते कागद बघत होते, पण ऐकत होते ते वेगळंच काहीतरी. शेवटी अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "दोन वर्षं झाली. आता कशाला उकरून काढता?"

"एका माणसाला आपण खोटारडा ठरवून घालवलं, साहेब."

"बरोबर आहे. ते दुरुस्त करू." त्यांनी चिटणीसांकडे पाहिलं. "लिहा. पुनर्तपासणीत असं आढळून आलं की ध्वनिमुद्रणे तांत्रिक बिघाडामुळे नष्ट झाली. संबंधित कर्मचाऱ्याचा दोष नाही. झालं? तोही मोकळा, तुम्हीही मोकळे, संस्थेची अब्रूही राहिली."

चिटणीस म्हणाले, "सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही."

मी सही केली.

तुला वाईट वाटू नये म्हणून सांगतो, ठराव खरा आहे. तुझा दोष नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. कुठे कामाला अर्ज करायचा असेल तर उपयोगी पडेल. तुला हवं होतं ते झालं, असं मी समजतो. माझं नाव त्यात असलं काय आणि नसलं काय, तुला त्याने काय फरक पडणार?

ताईला ठराव दाखवला. ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "म्हणजे तो खरंच बोलत होता? मग इतके दिवस बिघाड कुणाला दिसला कसा नाही?" मी म्हणालो, "मशीनचं असंच असतं." ती यंत्रावर जाऊन बसली, पण बराच वेळ पायडलचा आवाज आला नाही.

आता मुख्याध्यापिका बाईंना ठराव नेऊन दाखवायचा आहे. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्या बोलत नाहीत. सगळं पाटीवर लिहितात.

दाजी


३ मार्च

कानसेन,

मागच्या पत्रात 'तुला हवं होतं ते झालं' असं मी लिहिलं. ते वाक्य मागे घेतो.

बाईंकडे गेलो होतो. त्यांची खोली लहान, खिडकीशी टेबल, टेबलावर पाटी आणि ओलं फडकं. मी ठराव पुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, जशी मुलांची वही तपासावी तसा. मग पाटीवर लिहिलं: 'बिघाड कुणाचा?'

मी म्हणालो, "तांत्रिक होता, बाई. प्रोग्रॅमचा."

त्यांनी पाटी पुसली नाही. त्याच शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, तरी आपोआप उठून उभा राहिलो. उभा राहूनच सगळं सांगितलं. तीन ओळी, चार वाजताचं काम, 'नाही' हा शब्द, तुझं विचारायला येणं. काही गाळलं नाही. मला वाटलं, त्या रागावतील. त्यांचा आवाज आता कधीच परत येणार नाही, आणि होता तेवढा शेवटचा मी पुसला होता.

त्यांनी पाटी स्वच्छ पुसली, फडक्याने कोपरेसुद्धा, आणि बराच वेळ लिहिलं. मी उतरवून आणलंय, तसंच्या तसं देतो:

'मी एकसष्ट दिवस वाचलं. काचेपलीकडे एकच माणूस होता. त्याने सगळं ऐकलं. वाळवंटाच्या प्रकरणाला त्याने डोळे पुसले होते, मी पाहिलं. माझं वाचन कसं झालं हे फक्त तो सांगू शकतो. त्याला यायला सांगा. तो खोटा ठरून गेला म्हणून माझ्याकडे आला नाही. मीही बोलावलं नाही, कारण मी तुमच्यावर विश्वास ठेवला.'

मग शेवटी, थोडी जागा उरली होती तिथे: 'तुम्ही बसा आता.'

मला बसवेना.

तिथून थेट वाचनालयात गेलो आणि नवीन जबानी लिहून दिली. अध्यक्ष म्हणाले, "अहो, ठराव झालाय." मी म्हणालो, "तो चुकीचा आहे. बिघाड नव्हता, मी होतो. मला कळलं त्या दिवसाची तारीखही खाली घातली आहे." चिटणीस म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." मी म्हणालो, "असू दे. दोन वर्षं तो दुसऱ्याच्या पायावर होता." त्यांनी दोन दिवस घेतले. मग मला कामावरून थांबायला सांगितलं. जबानी सूचना फलकावर लावावी एवढी एकच विनंती मी केली होती, ती त्यांनी मान्य केली. गुरुवारी टेलिफोनवाल्या आजोबांनी नवीन बाईंकडून ती वाचून घेतली. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आता त्या पोराला कुणीतरी कळवा."

मग घरी. ताईला सांगायचं राहिलं होतं. तिला मी जेवण झाल्यावर सांगितलं, भांडी बाजूला होईपर्यंत थांबलो होतो. ती ऐकत होती. अर्ध्यात उठून जाईल असं वाटलं, गेली नाही. सगळं संपल्यावर म्हणाली,

"दोन वर्षं मी माझ्या भावाला नाही नाही ते बोलले. घराचं नाव घालवलं म्हणाले. तो दारात आला होता तेव्हा, आठवतं? मी म्हटलं, आधी खरं बोलायला शीक आणि मग ये. तुम्ही याच खुर्चीत बसला होतात. हातात पेपर होता."

"होता."

"वाचत होतात की नुसता धरला होता?"

"धरला होता."

दोन दिवस स्वयंपाक केला, मला वाढलं, समोर बसली नाही. तिसऱ्या दिवशी कपाटावरून बॅग काढली. मी म्हणालो, "मी येऊ का सोबत?" ती म्हणाली, "तुम्ही नका." मग, थोड्या वेळाने, चेन लावता लावता, "तो काय म्हणेल ते मला एकटीने ऐकायचंय."

हे पत्र कुरियरने पाठवतो आहे, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. ताई उद्या निघते आहे. तुला फोन करू का, असं विचारलं तर नको म्हणाली. तू नको येऊस म्हणशील अशी तिला भीती आहे, आणि विचारलंच नाही तर नकार ऐकावा लागणार नाही असा तिचा हिशोब आहे. तिची गाडी दुपारी साडेतीनला तुमच्या स्टँडवर लागते. तिने पत्ता कागदावर घेतलाय, पण एकटीने एवढा प्रवास कधी केलेला नाही, आणि उतरल्यावर ती चुकीच्या दिशेने चालायला लागेल, कारण विचारायचा तिला संकोच वाटतो.

बॅग जड आहे. ती म्हणेल मी धरते. तू ऐकू नकोस.

मला उत्तर लिहू नकोस. बाईंचा पत्ता पाठीमागे लिहिला आहे. त्या सकाळी दहानंतर भेटतात. पण ते सगळं मागाहून. पत्र हातात पडेल त्याच दुपारी साडेतीनला स्टँडवर जा.

दाजी